समुद्रगुप्ताच्या मांडीवरचे वाद्य



सम्राट समुद्रगुप्ताचे एक सुवर्णनाणे बहुतेकांनी चित्रात तरी पाहिलेले असते. उंच पाठीच्या मंचकावर राजा मांडी घालून बसला आहे. अंगात चिलखत नाही, हाती शस्त्र नाही. मांडीवर एक तंतुवाद्य आहे आणि त्याच्या तारांवर राजाची बोटे आहेत. मागील बाजूस वेताच्या आसनावर बसलेली देवी. प्रयागच्या स्तंभलेखात हरिषेणाने आपल्या स्वामीच्या गायनवादनापुढे तुंबुरू आणि नारदही लज्जित झाले असे म्हटले आहे. दरबारी कवीची ती अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली असती; परंतु राजाने स्वतःच स्वतःला वादकाच्या रूपात सोन्यावर उमटविले, तेव्हा त्या प्रशस्तीला काही आधार होता हे मान्य करावे लागते.

या नाण्याचे शास्त्रीय नाव काय? ‘लायरिस्ट टाइप’, म्हणजे लायर वाजविणाऱ्याचा प्रकार. जॉन अ‍ॅलन यांनी ब्रिटिश म्युझियममधील गुप्त नाण्यांची सूची १९१४ साली प्रसिद्ध केली, तीत हेच नाव आहे. १९४६ साली भरतपूर संस्थानात बयाना येथे अठराशेहून अधिक गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा निधी सापडला. त्याची सूची महाराष्ट्राचे सुपुत्र डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी १९५४ साली सिद्ध केली आणि त्यांनीही तेच नाव ठेवले. नाणकशास्त्रात एकदा रुळलेले नाव बदलले, तर संदर्भांचा गोंधळ उडतो. विद्वानांची ती व्यावहारिक अडचण असते, त्यात दोष नाही. पण नाण्यावरचे ते वाद्य लायर नव्हे. मग ते काय आहे, या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी लायरची स्वतःची कथा पाहणे योग्य ठरेल, कारण ती कथा मोठी रसाळ आहे.

लायर म्हणजे नादपेटीतून वर निघालेल्या दोन भुजा, त्यांना जोडणारी एक आडवी दांडी आणि त्या दांडीपासून पेटीपर्यंत ताणलेल्या तारा. मेसोपोटेमियातील उर येथील राजसमाधींचे उत्खनन लेनर्ड वूली यांनी १९२०च्या दशकात केले, तेव्हा सोन्याचांदीच्या वृषभमुखांनी मढविलेली अशी वाद्ये मिळाली. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती आहेत. त्याच समाधींत सिंधू-सरस्वतीच्या खोऱ्यातून गेलेले कार्नेलियनचे मणीही सापडले. मणी तिकडे पोहोचले, पण ते वाद्य मात्र इकडे येऊन रुजले नाही.

ग्रीकांनी त्याला ‘लिरा’ म्हटले. त्यांची कथा अशी की, हर्मीस देवाने जन्माला येताच एका कासवाला मारले, त्याच्या पाठीवर मेंढीच्या आतड्याच्या सात तारा ताणल्या आणि हे पहिले वाद्य घडविले. पुढे अपोलोची गुरे चोरल्याची भरपाई म्हणून त्याने ते अपोलोलाच देऊन टाकले. कासवाच्या कवचाच्या या वाद्याला ग्रीक भाषेत ‘खेलिस’, म्हणजे कासव, असेच नाव होते. आता आपल्याकडे पाहावे. सरस्वतीच्या वीणेचे नाव कच्छपी. कच्छप म्हणजेही कासव! नारदाची महती, तुंबुरूची कलावती, विश्वावसूची बृहती ही नावे गुणवाचक आहेत. एकट्या वाग्देवतेच्या वीणेला त्या मंदगती जलचराचे नाव मिळाले. या साम्यावरून कोणी कोणापासून घेतले, असा वाद उकरण्याचे कारण नाही. फुगीर, पोकळ, कठीण पाठ पाहून दोन देशांतील माणसांना एकच उपमा सुचली, इतके पुरेसे आहे.

लिरेच्या साथीने म्हटली जाणारी कविता ती ‘लिरिक’. अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी अशा नऊ कवींची मालिका निश्चित केली, तीत सॅफो आणि पिंडार आहेत. वाद्य गेले, साथ गेली, शब्द राहिला. मराठी समीक्षेत लिरिकसाठी ‘वीणाकाव्य’ आणि ‘वैणिक’ हे प्रतिशब्द सुचविले गेले. रुळला तो मात्र ‘भावगीत’. एका अर्थी बरेच झाले, कारण ज्या वाद्याला आपण वीणा म्हणतो, ते ग्रीकांचे वाद्यच नव्हे. आता चित्रपटगीताच्या शब्दांनाही तरुण मंडळी ‘लिरिक्स’ म्हणतात, तेव्हा त्या शब्दाच्या पोटात एक कासव दडले आहे याची त्यांना कल्पना नसते.

नावे अशी वाद्यावरून वाद्यावर उड्या मारतात. क्रीट बेटावर आज ‘लिरा’ म्हणतात ते गजाने वाजविण्याचे वाद्य आहे. आपल्याकडे वीणेचे तद्भव रूप ‘बीन’ झाले. रुद्रवीणा वाजविणारा तो बीनकार. हिंदी मुलखात तीच ‘बीन’ गारुड्याच्या तोंडी लागली आणि तारेचे वाद्य फुंकीचे झाले. किन्नरी वीणेची ‘किंगरी’ होऊन ती भटक्या गायकांच्या हाती आली. मात्र या प्रांतात कानावर फार विसंबू नये. हिब्रू परंपरेतील दावीद राजाच्या लायरचे नाव ‘किन्नोर’ आहे म्हणून ते किन्नरीशी जोडणे, किंवा ग्रीक ‘किथारा’ वरून सतार काढणे, हे उत्साहाचे काम आहे, व्युत्पत्तीचे नव्हे. गिटार किथारापासून आली हे खरे. सतार मात्र फार्सी ‘सेहतार’, म्हणजे तीन तारा, यातून आली. इटलीचे जुने नाणे लीरा हेदेखील वाद्यावरून नाव घेत नाही. ते ‘लिब्रा’ या वजनावरून आले.

आकाशातही लायर आहे. ऑर्फियसचे वाद्य त्याच्या मृत्यूनंतर नभात नेऊन ठेवले गेले, अशी ग्रीक समजूत. त्या तारकासमूहाला मराठी खगोलकारांनी ‘स्वरमंडळ’ म्हटले, म्हणजे गायक मांडीवर घेऊन छेडतात त्या वाद्याचे नाव दिले. त्यातील सर्वांत तेजस्वी तारा, पंचवीस प्रकाशवर्षांवरचा, तो आपला अभिजित. त्याचे पाश्चात्त्य नाव ‘व्हेगा’ अरबी आहे आणि त्याचा संबंध वाद्याशी नसून झेपावणाऱ्या गिधाडाशी आहे. ग्रीकांना तेथे वाद्य दिसले, अरबांना पक्षी दिसला आणि अथर्ववेदाच्या ऋषींना अठ्ठावीस नक्षत्रांतील एक विजयी नक्षत्र दिसले.

आता पुन्हा नाण्याकडे वळू. समुद्रगुप्ताच्या मांडीवरील वाद्याला दोन भुजा नाहीत, आडवी दांडीही नाही. नौकेसारखी पेटी, तिच्यातून धनुष्यासारखी वळून वर गेलेली एकच दांडी आणि त्या दोहोंमध्ये ताणलेल्या तारा. ही धनुराकृती वीणा. भारहूत, सांची, अमरावतीच्या शिल्पांत ती आहे. पवाया येथील गुप्तकालीन नृत्यप्रसंगात ती आहे. ‘लायर’ म्हणणाऱ्यांची चूक झाली हे खरेच. परंतु आपली चूक लहान नाही. ‘वीणा’ म्हटले की डोळ्यांपुढे पडद्यांची, भोपळ्याची वीणा उभी राहते आणि आपले चित्रकार समुद्रगुप्ताच्या हातीही तीच देतात. सरस्वती-वीणेचे चोवीस पडद्यांचे रूप सतराव्या शतकात तंजावरच्या रघुनाथ नायकाच्या काळात स्थिरावले असे मानले जाते. म्हणजे गुप्त सम्राटानंतर तेराशे वर्षांनी! रविवर्म्याच्या देवीचित्रांनी, लोणावळ्याजवळ मळवलीच्या छापखान्यातून घरोघर गेलेल्या त्या तसबिरींनी, सरस्वतीच्या हातची दांडीची वीणा मनामनांत पक्की केली. गंमत अशी की, त्याच मळवली स्थानकावरून भाजे लेण्यांकडे वाट जाते आणि तेथील विहाराच्या शिल्पात राजापुढे नर्तकी नाचते आहे, तिच्या साथीला जी वीणा आहे ती धनुष्याकृती आहे. बाविसाशे वर्षांची ती साक्ष आणि तसबिरींचा छापखाना यांत अंतर फार थोडे होते.

हा केवळ चित्रांचा प्रश्न नाही. वीणेचे रूप चुकले की ग्रंथ चुकीचा वाचला जातो. प्राचीन काळी ‘वीणा’ ही सर्व तंतुवाद्यांची सामान्य संज्ञा होती. नाट्यशास्त्रात भरतमुनींनी बोटांनी वाजविण्याची सात तारांची चित्रा आणि कोणाने, म्हणजे नखीने, वाजविण्याची नऊ तारांची विपंची सांगितली आहे. अमरकोशात सात तारांची ती परिवादिनी. बावीस श्रुती सिद्ध करण्यासाठी भरतांनी दोन वीणा घेतल्या. एक ध्रुव, म्हणजे न हलविण्याची, आणि दुसरी चल, म्हणजे उतरवीत जाण्याची. हा प्रयोग एका तारेला एकच स्वर असणाऱ्या वीणेवरच सहज समजतो. पडद्यांची वीणा मनात धरून ते प्रकरण वाचणारा पहिल्याच पायरीवर अडखळतो.

ही वीणा लोपली कशी? परकीय आक्रमणाला येथे दोष देता येत नाही. एका तारेवर एक स्वर, म्हणून तीवर मींड नाही, गमकही बेताचीच. संगीत जसजसे रागाकडे आणि स्वरांमधील अखंड वाटांकडे वळले, तसतशी एका तारेतून अनेक स्वर काढणारी दांडीची वीणा पुढे आली आणि धनुर्वीणा मागे पडली. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवराज सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ रचला, तेव्हा मान एकतंत्रीचा आणि पडदे असलेल्या किन्नरीचा होता. धनुर्वीणा तोवर सरहद्दीपार गेली होती. ब्रह्मदेशात तिचे रूप ‘सौंग’ या नावाने आजही राष्ट्राचे मानाचे वाद्य आहे. नूरिस्तानच्या डोंगरांत ‘वाजी’ या नावाने ते ओळखले जाते.

आणि स्वदेशात? शतपथ ब्राह्मणात अश्वमेधाच्या विधीत वीणागाथी येतात. दिवसा ब्राह्मण राजाच्या यज्ञांच्या आणि दानाच्या गाथा गातो, रात्री राजन्य त्याच्या युद्धांच्या. गाथा त्यांनी स्वतः रचलेल्या असाव्यात असा नियम. समुद्रगुप्ताने अश्वमेधाचेही नाणे पाडले होते. त्या वीणागाथींचे काम करणारी माणसे मध्य प्रदेशातील मंडला भागात विसाव्या शतकाच्या अखेरीसही अभ्यासकांना भेटली. ते परधान, गोंडांचे परंपरागत गायक. गोंड राजांच्या आणि पांडवांच्या कथा ते गातात आणि त्यांपैकी काहींच्या हाती पाच तारांचे, धनुष्यासारख्या वळणाचे वाद्य होते. त्याला ते ‘बीन-बाजा’ म्हणत.