घरी बसून शिकणं

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



दूरशिक्षणाने शिकणाऱ्या बायकांचे अनुभव सांग, असं मला सांगण्यात आलं आहे. मी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्यात गेली नऊ वर्षं काम करते. एम.एस.डब्ल्यू. मी कॉलेजात जाऊन केलं, पण त्याआधीचं बी.ए. लग्नानंतर, घरात बसून केलेलं आहे. त्यामुळे आज जे सांगणार त्यात थोडं माझं आहे, बरंचसं आमच्याकडच्या बायकांचं. त्यांची नावं मी घेणार नाही. केंद्राचं किंवा विद्यापीठाचं नाव घेऊनही तक्रार करणार नाही, कारण जे अडतं ते एकाच ठिकाणी अडत नाही.

आधी जमेची बाजू. आपल्या देशात पत्राद्वारे पदवीचं शिक्षण दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली सुरू केलं. पहिलं मुक्त विद्यापीठ आंध्र प्रदेशात १९८२ साली निघालं, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि आपल्या नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीदवाक्य आपण सगळ्यांनी भिंतीवर वाचलेलं आहे. पुस्तकं मराठीत मिळाली. ज्यांची बारावी झालेली नव्हती त्यांच्यासाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम निघाला. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या, पुढे चाळिशीत पदवी घेतलेल्या बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. २०२०-२१ च्या उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत देशभरात दूरशिक्षणात ४५.७१ लाख विद्यार्थी होते, त्यात सुमारे २०.९ लाख बायका. हा दरवाजा नसता तर यातल्या कितीजणी दुसऱ्या कुठल्या दरवाजाने आत जाऊ शकल्या असत्या?

हे मान्य करूनच पुढचं बोलते. गंगा घरात आली, पण घरात बाईला बसायला जागा कुठे आहे?

माझं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. सासरे म्हणाले, "शीक की. घरी बसून शीक. कोण नको म्हणतंय?" खरंच कुणी नको म्हटलं नाही. फी त्यांनीच भरली. पुस्तकांचं पार्सल त्यांच्या दुकानावर आलं आणि घरी यायला त्याला दीड महिना लागला, तेही दिवाळीची साफसफाई निघाली म्हणून. पुस्तक उघडलं की घरात कुणाला तरी काहीतरी आठवायचं. चहा, औषधाची गोळी, धाकट्या दिराचा शर्ट. यात कुणी दुष्ट नव्हतं. बाई बसलेली दिसली की ती रिकामी आहे असं घराला वाटतं, एवढंच. सासूबाई दुपारी तांदूळ निवडायच्या तेव्हा मी मोठ्याने वाचायची. इतिहासाचा पेपर त्यांनी माझ्याबरोबर पूर्ण ऐकला. अर्थशास्त्र काढलं की म्हणायच्या, "हे तू मनात वाच." माझं बी.ए. त्या तांदळाच्या सुपाने केलं असं मी गमतीने म्हणते. पण सगळ्यांना अशी सासू मिळत नाही, आणि चळवळीने सासूच्या स्वभावावर विसंबून राहावं असंही मला वाटत नाही.

घरात शिकणं आपल्याला नवीन नाही. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचल्या असतील. नवरा शिकवायला तयार, तोही न्यायमूर्ती रानड्यांसारखा, तरी घरातल्या बायकांची किती बोलणी त्यांना खावी लागली! ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आज बोलणी कमी झाली असतील, पण कामं फारशी हललेली नाहीत. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ साली घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, असं काम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटं सुटली. त्याच काळात पुरुषांची ९७ वरून ८८ झाली, म्हणजे त्यांचीही सुटका झालीच. आता या २८९ मिनिटांत बी.ए. कुठे बसवायचं, हे कुठल्याच माहितीपुस्तिकेत लिहिलेलं नसतं.

आता माझी एक चूक सांगते. २०१८ साली मी आमच्या तालुक्यातल्या तेवीस बायकांचे फॉर्म भरून दिले. कुणी बचत गटातली, कुणी अंगणवाडीताई, दोन परित्यक्ता, काही ऊसतोडीला जाणाऱ्या. मला फार अभिमान वाटला. संस्थेच्या अहवालात 'तेवीस महिलांचे पदवीसाठी प्रवेश' असं लिहिलं, फोटो लावला. परीक्षेला बसल्या सहा. पुढच्या अहवालात मी त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. 'महिलांमध्ये शिक्षणाची उदासीनता' असलं काहीतरी मनात मात्र येऊन गेलं. मग लाज वाटली आणि राहिलेल्या सतरा जणींच्या घरी एकेक करून गेले. जायला चार महिने लागले, कारण त्यातल्या पाचजणी कारखान्यावर होत्या.

त्या पाचजणींपासून सांगते. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परत येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे मागे राहण्याचा प्रश्नच नाही. रविवारचे संपर्क वर्ग नेमके याच महिन्यांत होतात, गृहपाठ जमा करायच्या तारखाही याच दिवसांत येतात. एकीने पुस्तक बरोबर नेलं होतं. मी फडावर गेले तेव्हा ते कोपीत मिठा-मिरचीच्या डब्याखाली होतं. "रात्री बॅटरीवर वाचते," म्हणाली, "पण ताई, दोन ओळी झाल्या की डोळे मिटतात, आणि पहाटे चारला उठायचं असतं." तिने ऊसतोड सुटावी म्हणून शिक्षण धरलं होतं आणि ऊसतोडीमुळेच ते सुटलं. आता बऱ्याच अभ्यासक्रमांना सत्र पद्धत आली आहे. वर्षातून दोन परीक्षा. त्यातली हिवाळी परीक्षा ऐन हंगामात पडते. वेळापत्रक करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विद्यार्थी म्हणून कोण असतं, असा प्रश्न मला पडतो.

एक परित्यक्ता होती. शिवणकाम करून पोरगी सांभाळते. तिच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दोन्ही जुळवायचं तर लग्नाचा पुरावा द्या, नाहीतर राजपत्रात नाव छापून आणा. लग्नाची नोंदणी झालेलीच नाही. ज्या नवऱ्याने सात वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं, त्याच्याकडे पुरावा मागायला जायचं? ती गेली नाही. मला म्हणाली, "माझं नाव कोणतं ते आधी ठरू दे, मग पदवीचं बघू."

आणि एक सूनबाई. बारावीला चांगले गुण, घर खातंपितं. तिच्या घरात मोबाईल दोन, दोन्ही पुरुषांचे. फॉर्मवर नवऱ्याचा नंबर दिला होता, तो मीच लिहिला होता, कारण मला घाई होती. दुसऱ्या वर्षीचा प्रवेश घ्यायचा तर त्या नंबरवर ओटीपी येतो. काहीतरी भांडण झालेलं, नवऱ्याने ओटीपी सांगितला नाही. मारलं नाही, शिवी दिली नाही. सहा आकडे सांगितले नाहीत, बस. शेवटची तारीख निघून गेली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात भावनिक आणि आर्थिक छळही धरलेला आहे, पण 'त्याने ओटीपी दिला नाही' अशी तक्रार घेऊन कोणती बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे जाईल? तेव्हापासून आम्ही आधी बाईच्या नावाचं सिमकार्ड काढतो, मग फॉर्म भरतो. साधा बटणांचा फोन असला तरी चालतो.

बाकीच्यांचं कारण एकच होतं, वेगवेगळ्या शब्दांत. वेळ नाही, जागा नाही, समजलं नाही तर विचारायला कुणी नाही. या बोलण्यात एक गोष्ट मात्र मला सारखी ऐकू यायला लागली. ज्या सहाजणी परीक्षेला बसल्या होत्या, त्या सगळ्या रविवारच्या वर्गाला गेलेल्या होत्या. वर्ग काही फार चांगले नव्हते. कधी सर यायचे, कधी यायचे नाहीत. एकदा तर शाळेची किल्लीच मिळाली नाही म्हणून सगळ्या वडाखाली बसल्या. तरी त्या जायच्या. दोन एसट्या बदलून जायच्या. एक अंगणवाडीताई, जिला मुख्यसेविकेच्या परीक्षेसाठी पदवी हवी होती, मला म्हणाली, "सरांनी काय शिकवलं ते निम्मं विसरले. पण त्या दिवशी मी घरी नसते, ताई. आणि माझ्यासारख्या तिथं आणखी अकरा असतात."

म्हणजे आपण ज्याला या शिक्षणाची सोय समजतो, घरी बसून शिकायला मिळतं ती, तीच बाईच्या वाटेतली अडचण आहे. आणि ज्याला आपण जोड म्हणतो, तो एका दिवसाचा वर्ग, त्यावर तिचं सगळं उभं असतं. इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ साली पहिले विद्यार्थी आले, तेव्हापासून पुष्कळ वर्षं पायाभूत अभ्यासक्रमाला एक आठवड्याची निवासी उन्हाळी शाळा सक्तीची होती. मला ते वाचून हेवा वाटला. सक्तीची! म्हणजे बाईला घरी सांगता येतं, "मला जायचं नाहीये हो, पण जावंच लागतं." आपल्याकडे हजेरी सक्तीची केली तर बायका गळतील असं काहीजण म्हणतात. गळतीलही काही. पण बायकांना विचारून ते ठरवावं.

आता काय होतंय, तर वर्ग मोबाईलवर येत आहेत. व्हिडिओ, पीडीएफ, कधीही बघा, कुठेही बघा. याला सरसकट नावं मी ठेवणार नाही. दिव्यांग बाईला, लांबच्या तांड्यावरच्या मुलीला त्याचा उपयोग आहे. पण वर्ग मोबाईलवर गेला की बाई परत स्वयंपाकघरात गेली. करोनाच्या वर्षी परीक्षाही घरातच झाल्या. आमची एकजण त्या वर्षी चांगल्या गुणांनी पास झाली. पेपर तिच्या मुलाने सोडवला होता. गुणपत्रक तिने मला दाखवलं नाही. ती नंतरच्या वर्षी म्हणाली, "पुढचे पेपर शाळेतच असतील ना? मग मी बसते."

२०१९ पासून आम्ही काय केलं ते थोडक्यात सांगते. गावातल्या समाजमंदिराची मागची खोली मागून घेतली. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते चार. शिकवायला कुणी नाही, आपापलं पुस्तक घेऊन बसायचं. ओसरीवर दोघीजणी आळीपाळीने पोरं सांभाळतात. फोन दारातल्या टोपलीत. पहिल्या दिवशी एक बाई आली, पुस्तक उघडलं आणि भिंतीला टेकून झोपली ती तासभर. मी उठवायला निघाले, तर दुसरी म्हणाली, "राहू द्या, तिला तेवढंच मिळतं." आजही एखादी झोपतेच. आम्ही तो अभ्यासाचाच भाग धरतो. घरी काय सांगायचं, तर 'केंद्रावर वर्ग आहे.' खोटं आहे थोडं. असू दे.

त्या वर्षी चौदापैकी अकराजणी परीक्षेला बसल्या. सगळ्या पास झाल्या नाहीत, इंग्रजीत चौघी राहिल्या. मध्ये करोनाने खोली दीड वर्ष बंद होती, ती परत सुरू करताना निम्म्या बायका आल्याच नाहीत. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं आम्हाला अजून जमलेलं नाही. फडावर खोली कुठून आणायची? कारखान्याच्या आवारात हंगामापुरती एखादी जागा मागावी असं मनात आहे. ज्या भागात ऊस तोडायला आमच्या बायका येतात, त्या सांगली-कोल्हापूर, सोलापूरकडच्या मैत्रिणी इथे बसल्या आहेत. तुमच्याशी मला जेवणाच्या सुट्टीत बोलायचंय.

विद्यापीठांकडे मागण्या करायच्या तर माझ्या मते दोन आधी कराव्यात. रविवारचा वर्ग काढून घेऊ नका, आणि नावाच्या कागदांसाठी परित्यक्तेला नवऱ्याच्या दारात पाठवू नका. निवेदनाचा मसुदा मी आणलाय, सह्यांचा कागद मागे फिरतोय. पण निवेदनाचं उत्तर येईपर्यंत आपण थांबू नये. आपल्या गटांकडे कार्यालयं आहेत, समुपदेशन केंद्रं आहेत, दुपारी ती पुष्कळदा रिकामी असतात. बोलून झालं की मी वही फिरवते. कुणाकडे खोली आहे, तिला आतून कडी आहे का, पंखा आहे का, आणि आठवड्यातले कोणते दोन दिवस ती देता येईल, एवढंच लिहा. मोठं काही लिहू नका. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात, त्याच्या आधी मला प्रत्येकीला फोन करायचा आहे.