पोटगीचा हुकूम आणि बदललेली परिस्थिती



तलाकनंतर कोर्टाने पोटगीचा हुकूम एकदा दिला की ती काळ्या दगडावरची रेघ, असा समज आपल्या कर्नाळा-पनवेल भागातही ऐकू येतो. मुलगी पहिलीत असताना ठरलेली रक्कम ती दहावीला गेली तरी तेवढीच राहते. घरभाडे वाढते, एसटीचे भाडे वाढते, वह्या-पुस्तके महागतात. आई मात्र जुन्याच आकड्यात संसार ओढते आणि एके दिवशी मुलीचे नाव शाळेच्या पटावरून कमी होते. म्हणून शिक्षकाने या विषयावर बोलणे भाग आहे.

कायदा तसा नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 125 पोटगीचे व कलम 127 तीत बदल करण्याचे होते. 1 जुलै 2024 पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 व 146 यांनी घेतली. परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाले की मॅजिस्ट्रेट रक्कम वाढवू शकतात, कमीही करू शकतात. 'कमीही' हे मुद्दाम सांगतो. ज्याची नोकरी गेली, जो अंथरुणाला खिळला, त्याने पैसे बंद करून घरी बसू नये, अर्ज करावा. हुकूम कायम असेपर्यंत थकबाकी चढत जाते आणि तिच्यापायी तुरुंगही घडू शकतो.

जुन्या कलम 127 मध्ये एक पळवाट होती. तलाकच्या वेळी व्यक्तिगत कायद्याप्रमाणे देय असलेली सर्व रक्कम बाईला मिळाली असेल, तर हुकूम रद्द करता येई. मुंबईच्या बाई ताहिरा यांच्या दाव्यात यावरच वाद झाला. 1962 साली तलाक. मेहेरचे 5,000 आणि इद्दतचे 180 रुपये. पुढे मॅजिस्ट्रेटने आईला 400 व मुलाला 300 रुपये महिना ठरवला, पण वरच्या कोर्टात तो हुकूम टिकला नाही. 1978 साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की, दिलेली रक्कम पोटगीची जागा भरून काढण्याजोगी असली पाहिजे. मूळ हुकूम पुन्हा कायम झाला. (180 रुपयांत आयुष्य काढता येत नाही, हे सांगायला दिल्लीपर्यंत जावे लागले!)

पुढे 1985 चा शाहबानो निकाल, 1986 चा कायदा, 2001 चा दानियल लतीफी निकाल, हा इतिहास आपण जाणता. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की, तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम 125 चा मार्ग खुला आहे. मुलांचा हक्क तर स्वतंत्रच आहे. 1997 च्या नूर सबा खातून निकालाने तो मान्य केला. आईचा पुन्हा निकाह झाला तर तिची पोटगी थांबते, मुलांची नाही.

भगिनींनो, रक्कम आपोआप वाढत नाही, मागावी लागते. मूळ हुकुमाची नक्कल, भाड्याच्या पावत्या, दवाखान्याचे कागद बरोबर घ्या. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या दाव्यात दोन्ही बाजूंना उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते; त्यामुळे पगार लपवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. वकिलाच्या फीची धास्ती नको. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. फीच्या पावत्या हरवल्या असतील तर शाळेच्या ऑफिसात येऊन नक्कल मागा.