परिषदांचा खर्च आणि पर्यावरणाचा हिशेब



विकासाच्या बहुतेक कार्यक्रमांचा प्रारंभ बैठकीने होतो आणि आढावाही बैठकीतच घेतला जातो. भारताकडे जी-२० गटाचे अध्यक्षपद असताना, डिसेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२३ या काळात, देशातील ६० शहरांत दोनशेहून अधिक बैठका झाल्या. मंत्रालये, विद्यापीठे, जिल्हा परिषदा आणि सहकारी संस्था यांच्या सभांची तर मोजदादच नाही. विचारविनिमयाची आवश्यकता वादातीत आहे. परंतु त्याची पूर्ण किंमत कोण मोजतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

व्यासपीठावर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीचे उदाहरण घ्यावे. आयोजकाच्या अंदाजपत्रकात तिची केवळ खरेदीची किंमत असते. सभा संपल्यावर अर्धवट प्यालेली बाटली, उष्टे अन्न आणि चहाचे पेले एकाच पिशवीत जातात. ती उचलण्याचा खर्च नगरपालिका करते, त्यातील वस्तू कचरावेचक महिला हाताने वेगळ्या करतात आणि उरलेल्याचा त्रास कचराभूमीलगतच्या वस्तीला होतो. अर्थशास्त्रात यालाच सामाजिक परिव्यय म्हणतात. वापरून फेकण्याची वस्तू स्वस्त वाटते, कारण तिच्या किमतीचा मोठा भाग दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

हा परिव्यय आयोजकाकडे परत आणण्याचे प्रयत्न देशात झाले आहेत. कचरा टाकण्यास जागा दुर्मीळ असलेल्या सिक्कीमने २०१६ मध्ये शासकीय बैठका व समारंभांत बाटलीबंद पाणी वापरण्यास बंदी केली. केरळमध्ये २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत हरित आचारसंहिता लागू करून धुऊन पुन्हा वापरता येतील अशा भांड्यांवर भर देण्यात आला; पुढे विवाह, उत्सव आणि शासकीय कार्यालयांपर्यंत ही पद्धत पोहोचली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी शंभरहून अधिक व्यक्तींच्या, परवानाप्राप्त नसलेल्या जागी होणाऱ्या कार्यक्रमाची सूचना स्थानिक संस्थेस किमान तीन कामकाजाचे दिवस आधी देण्याची आणि कचरा जागीच वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकावर टाकली. १ जुलै २०२२ पासून प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे, निमंत्रणपत्रिकांवरील वेष्टन आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक यांवर देशभर बंदी आली. पाण्याची बाटली मात्र या यादीत नाही. तेथे आयोजकाचा निर्णयच महत्त्वाचा ठरतो.

तथापि, दिसणारा कचरा हा हिशेबाचा एक भाग होय. दूरदूरच्या प्रतिनिधींना एकत्र आणणाऱ्या परिषदेत सर्वाधिक कार्बन उत्सर्जन सामान्यतः प्रवासातून, विशेषतः विमानप्रवासातून होते. त्यामुळे कापडी पिशव्या वाटून केलेली बचत चुकीच्या स्थळनिवडीने सहज पुसली जाते. बहुसंख्य प्रतिनिधींना रेल्वेने पोहोचता येईल असे स्थळ आणि स्थानकाजवळील निवास हे निर्णय प्रथम घ्यावयास हवेत. मार्च २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगती’ उपक्रमात पंतप्रधान आणि राज्यांचे मुख्य सचिव दूरदृश्य प्रणालीद्वारे प्रकल्पांचा आढावा घेऊ लागले. नियमित आढाव्यासाठी प्रवास अपरिहार्य नाही, हे त्यातून स्पष्ट होते. परस्परविश्वास निर्माण करावयाचा असेल, वाटाघाटी करावयाच्या असतील किंवा ग्रामीण कार्यकर्त्यांना बोलते करावयाचे असेल, तेथे मात्र प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही. प्रवासाचा खर्च अशाच प्रसंगांसाठी राखून ठेवावा.

सभागृहातील वातानुकूलनाचाही विचार आवश्यक आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार तापमान एका अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. वक्ते व श्रोते शाली पांघरून बसतील इतका गारवा निर्माण करण्यावर वीज खर्च होणे समर्थनीय नाही.

स्टीलची भांडी धुण्यास पाणी आणि मनुष्यबळ लागते, हा आक्षेप खरा आहे. पाणीटंचाईच्या भागात पळसाच्या पत्रावळी अधिक योग्य ठरतील. मात्र भांडी भाड्याने देणाऱ्या आणि धुणाऱ्या महिला बचत गटाला मिळणारे पैसे परिसरातच रोजगार निर्माण करतात, हेही हिशेबात धरले पाहिजे.

यासाठी स्वतंत्र निधीची गरज नाही. बैठकीच्या मंजुरीच्या प्रस्तावातच प्रवास, अपेक्षित कचरा व त्याची विल्हेवाट, वीज आणि पाणी यांची नोंद अनिवार्य करावी. भोजन व मंडपाच्या निविदेत पुन्हा वापरता येणाऱ्या वस्तूंची अट घालावी आणि समारोपानंतर प्रत्यक्ष आकडे इतिवृत्तास जोडावेत. शासन हे देशातील फार मोठे आयोजक असल्याने त्याच्या निविदेतील एक अट संपूर्ण बाजारपेठेला वळण देऊ शकते. त्या अटीचा पहिला लाभ मिळेल तो सभा संपल्यावर सभागृह झाडणाऱ्या कामगाराला. त्याचे काम हलके झाले की नाही, यावरूनच परिषदेच्या पर्यावरणनिष्ठेची परीक्षा व्हावी.