हद्द सरकली, वहितीचं काय?

श्रोतेहो, लिनक्सचं रूट पार्टिशन भरलं की आमची देऊळगाव राजाची पोरं लगेच यूएसबीवरून जीपार्टेड उघडतात आणि माउसनं पट्ट्या ओढायला लागतात. अरे, थांबा की जरा! आधी डीएफ चालवून बघा, नेमकं काय भरलंय. पुष्कळदा जुनी कर्नलं आणि जर्नलच्या नोंदी साचलेल्या असतात. त्या काढल्या की भागतं. कुणाकडे उबुंटू असेल, कुणाकडे सी-डॅकचं बॉस. दोन्ही डेबियनच्याच घराण्यातली, रीत तीच.

साफसफाई करूनही जागा पुरत नाही असं धरू. पार्टिशन म्हणजे शेताचा गट समजा. रूटचा गट ३० जीबीचा, त्याला लागून स्वॅपचा चिंचोळा पट्टा, आणि त्याच्या पलीकडे ४० जीबी पडीक. पडीक दिसली की तुम्ही म्हणता, घेऊन टाकू. कशी घ्याल? मध्ये स्वॅप आहे ना! जमीन धुऱ्याला धुरा लागून हवी. म्हणून आधी स्वॅप बंद करायचा. यूएसबीवरून सुरू केलेली लिनक्ससुद्धा कित्येकदा तुमचाच स्वॅप वापरायला घेते. जीपार्टेडमध्ये स्वॅपपुढे खूण दिसते ती तो वापरात असल्याची. स्वॅपऑफ करा, पट्टा काढा, रूटची शेवटची हद्द पुढे न्या, स्वॅप पार टोकाला नव्यानं मांडा. जुन्या एमबीआर मांडणीत स्वॅप बहुधा एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात असतो, तिथे ते एक्स्टेंडेडही हलवावं लागतं. नव्या स्वॅपचा यूयूआयडी वेगळा असतो, तो एफएसटॅबमध्ये लिहा. नाहीतर संगणक सुरू होताना दीड मिनिट जुन्या पट्ट्याची वाट बघत बसेल.

आता माझं खरं म्हणणं. हद्द सरकली म्हणजे रूट वाढलं, असं नाही! सातबाऱ्यावर क्षेत्र चढलं, पण वहितीखाली आलं नाही. आतली फाइल सिस्टिम वेगळी वाढवावी लागते. ईएक्सटी४ असेल तर रिसाइझ-टू-एफएस, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस. जीपार्टेड ही नांगरट आपण होऊन करून देतो, त्यामुळे पोरांना वाटतं काम एकच आहे. मग भाड्याच्या सर्व्हरवर डिस्क वाढवतात, ग्रोपार्ट चालवतात, डीएफ बघतात तर आकडा जुनाच. मग काय, आणखी डिस्क विकत घेतात! अहो, जमीन तुमच्याच नावावर आहे, नांगर घाला ना तिच्यात. दोन कामं आहेत, दोन. आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टिम.

ईएक्सटी४ चालू संगणकावरही वाढते. होम पार्टिशनमधून जागा काढून रूटला द्यायची असेल तर मात्र होमपुरता क्रम उलटा. आधी पीक काढून घ्यायचं, मग धुरा मागे घ्यायचा. म्हणजे आधी फाइल सिस्टिम लहान, मग पार्टिशन, आणि तेही अनमाउंट करून. आधीच धुरा हलवलात तर तो उभ्या पिकातून जाईल. होम एक्सएफएसवर असेल तर हा नाद सोडा, ती वाढते, लहान होत नाही.

पडीक जागा रूटच्या अलीकडे असली तर सुरुवातच सरकवावी लागते, आणि सगळा डेटा उचलून नव्या जागी जातो. त्याला तासन् तास लागू शकतात. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येतं का? निम्मा डेटा इकडे, निम्मा तिकडे, आणि दिवे गेले. डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरशिवाय हात लावू नका. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या होममध्ये ठेवलेल्या प्रतीला बॅकअप म्हणू नका, मला राग येतो.

एलव्हीएममध्ये लगतची जमीन लागत नाही, लांबलांबचे तुकडेही एका खात्यावर येतात. पण तिथेही एलव्हीएक्स्टेंड केल्यावर आतली फाइल सिस्टिम वाढवावीच लागते, ती दोन कामं... बरं, काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली. एलव्हीएमचं राहिलं.