नोंद नसलेले श्रम आणि देशोदेशींचे सहकार्य
(संस्थेच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून काहींना वाटले असेल की, युरोपातील सरकारांनी आपला पैसा कशावर खर्च करावा याचा ऊहापोह आपल्या संस्थेत कशासाठी? हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे. आपल्या वस्त्यांतील किती माणसांच्या घामाची नोंद कुठल्याही वहीत होत नाही, हे येथे बसलेल्यांना सांगावे लागत नाही. बिगारी, घरकाम करणाऱ्या भगिनी, वीटभट्टी, उसाचा फड, ही यादी आपल्याला पाठ आहे. युरोपने या प्रश्नाला एक नाव दिले, त्याची व्याख्या केली आणि त्यासाठी अंदाजपत्रकात रक्कमही दाखवली. ती रक्कम कोठे जाते आणि कोठे पोहोचत नाही, हे पाहण्यासारखे आहे.

त्या नावाला मराठीत 'अघोषित काम' म्हणता येईल. युरोपीय आयोगाने २००७ साली केलेल्या व्याख्येचा आशय असा की, जे काम मुळात कायदेशीर आहे, ज्याचा मोबदला दिला जातो, परंतु ज्याची माहिती सरकारी यंत्रणेला दिली जात नाही, ते अघोषित काम. म्हणजे अफूचा व्यापार यात येत नाही. पण भिंत बांधणे, द्राक्षे तोडणे, हॉटेलात भांडी घासणे यांची नोंद नसेल तर ते येते. कागदावर किमान वेतन आणि उरलेले पैसे पाकिटातून, हाही त्यातलाच प्रकार. जर्मन, फ्रेंच व इटालियन लोक बोलताना याला सरळ 'काळे काम' म्हणतात. (वाईट ते काळे, ही खोड तिकडच्या भाषांनाही आहे, हे जाता जाता लक्षात घ्यावे.) २०१३ साली युरोपीय संघात घेतलेल्या पाहणीत ११ टक्के लोकांनी कबूल केले की, मागील वर्षभरात आपण असे काम करवून घेतले किंवा अशा कामातून आलेली वस्तू विकत घेतली. आपण स्वतः असे काम केले, हे मात्र ४ टक्क्यांनीच सांगितले. घेणारे बोलतात, करणारे गप्प बसतात. पोट कोणाचे अडकले आहे, हे या दोन आकड्यांवरूनच समजते.

एका देशाच्या हद्दीत हा प्रश्न अवघड असला तरी त्याला निदान एक मालक, एक निरीक्षक आणि एक न्यायालय असते. सीमा आली की तिढा पडतो. युरोपीय संघात एका देशातील कंपनी आपले कामगार काही काळासाठी दुसऱ्या देशात कामाला पाठवू शकते. यासंबंधीचा मूळ निर्देश १९९६ सालचा असून २०१८ साली त्यात दुरुस्ती झाली. असा कामगार काम करतो बेल्जियममध्ये, पण त्याची सामाजिक विम्याची वर्गणी भरली जाते त्याच्या मूळ देशात. त्याचा पुरावा म्हणून मूळ देश एक दाखला देतो. त्याला 'ए-१' म्हणतात. हा दाखला खोटा आहे असे बेल्जियमच्या निरीक्षकाला दिसले तरी तो त्याला रद्द करता येत नाही. ज्याने दिला त्यानेच तो मागे घ्यायचा.

याचे एक उदाहरण विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे. बेल्जियममधील एका बांधकाम कंपनीकडे स्वतःचे कामगार जवळजवळ नव्हतेच. सारे काम बल्गेरियातील उपकंत्राटदारांना दिलेले, आणि कामगार तेथूनच आलेले. चौकशीत आढळले की, त्या बल्गेरियन कंपन्यांचा बल्गेरियात सांगण्यासारखा काही व्यवसायच नव्हता. केवळ दाखले मिळावेत म्हणून उभी केलेली ती पाटी होती. बेल्जियमने पुराव्यासह फेरविचाराची विनंती केली. उत्तरादाखल बल्गेरियाच्या कार्यालयाकडून दिलेल्या दाखल्यांची यादी आली. पुराव्याबद्दल अक्षर नाही. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि ६ फेब्रुवारी २०१८ रोजी निकाल लागला की, फसवणुकीचा ठोस पुरावा दिल्यानंतरही दाखला देणारे कार्यालय वाजवी मुदतीत त्याची दखल घेत नसेल, तर दुसऱ्या देशाचे न्यायालय तो दाखला बाजूला ठेवू शकते. निकाल चांगलाच झाला. पण बल्गेरियाच्या कार्यालयाने असे का केले? सगळा दोष लबाडीवर टाकून भागणार नाही. बुडालेली वर्गणी बेल्जियमच्या तिजोरीची. ती शोधण्यासाठी माणसे, वेळ आणि पैसा मात्र बल्गेरियाने खर्चायचा. कोणते सरकार दुसऱ्याच्या तिजोरीसाठी आपला कारकून आनंदाने बसवील?

सामाईक निधीची गरज येथे उत्पन्न होते. ज्या कामाचा लाभ कोणा एका देशाला पुरता मिळत नाही, त्याचा खर्च कोणीच एकटा उचलत नाही. म्हणून युरोपीय संघाने रोजगार व सामाजिक नवोपक्रम नावाचा कार्यक्रम २०१४ ते २०२० या काळासाठी आखला. त्याची एकूण तरतूद सुमारे ९१ कोटी ९० लाख युरो होती आणि अघोषित काम हा त्यातील अनेक विषयांपैकी केवळ एक होता. २०२१ ते २०२७ या काळात तो युरोपीय सामाजिक निधीचा एक विभाग झाला असून त्यासाठी सुमारे ६७ कोटी ६० लाख युरो ठेवले आहेत. दोन-तीन देशांची कामगार कार्यालये, कामगार संघटना, कधी विद्यापीठ, असे एकत्र येऊन प्रस्ताव पाठवतात. मंजूर झाल्यास साधारणपणे खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, बाकीची स्वतः उभारायची. या पैशातून निरीक्षकांची अदलाबदल होते, संयुक्त तपासण्या होतात, माहितीपत्रके कामगारांच्या भाषेत छापली जातात. आणि मोठा खर्च असतो तो भाषांतराचा. संघाच्या अधिकृत भाषाच २४ आहेत. बल्गेरियन लिपीतला हजेरीपट पुढे ठेवला तर बेल्जियमचा निरीक्षक त्याकडे नुसता पाहत राहील. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण साक्षीदाराची भाषा न कळल्याने किती प्रकरणे कोसळत असतील, याची कल्पना कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला लगेच येईल.

त्याच्या जोडीला संस्थाही उभ्या राहिल्या. मार्च २०१६ मध्ये अघोषित कामाविरुद्ध एक युरोपीय मंच स्थापन करण्याचा निर्णय झाला. २०१९ साली युरोपीय श्रम प्राधिकरण निर्माण झाले. त्याचे मुख्यालय स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा येथे आहे आणि २०२१ साली तो मंच त्यात विलीन झाला. हे प्राधिकरण संयुक्त तपासणीची जुळवाजुळव करते, दुभाषे व कायदेतज्ज्ञ पुरवते. परंतु कोणत्याही देशाच्या संमतीवाचून तेथे तपासणी करण्याचा अधिकार त्याला नाही. देशाने नकार दिला तर कारणे कळवायची, एवढेच बंधन. आमच्या मते ही त्या व्यवस्थेची सर्वांत कच्ची बाजू आहे. दुसरी कच्ची बाजू अशी की, प्रकल्पाचा पैसा मुदतीचा असतो. दोन वर्षांत माणसे एकमेकांना ओळखू लागतात, फोन उचलू लागतात, आणि प्रकल्प संपतो. कायम निरीक्षकाचे पद त्या पैशातून निर्माण होत नाही. ते प्रत्येक सरकारने आपल्या खिशातून भरायचे, आणि तेथे हात आखडतो.

मित्रहो, हा सारा हिशेब कोणासाठी, हा प्रश्न आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरकारला बुडालेला कर हवा असतो. प्रामाणिक कारखानदाराला चोरटा प्रतिस्पर्धी नको असतो. कामगाराला त्याची मजुरी हवी असते. निधी पहिल्या दोघांसाठीच खर्च झाला तर तपासणी म्हणजे धाड होते, आणि परवाना नसलेल्या कामगाराची रवानगी थेट विमानतळावर. २००९ सालच्या युरोपीय निर्देशात थकलेली मजुरी मालकाने द्यावी असे म्हटले आहे, आणि उलट पुरावा नसल्यास निदान तीन महिने काम झाले असे धरावे, अशीही तरतूद आहे. पण घरी पाठवलेला माणूस दहा हजार किलोमीटरवरून आपली मजुरी कशी मागणार?

यात आपली माणसेही आहेत. इटलीत रोमच्या दक्षिणेस लातिना नावाचा जिल्हा आहे. तेथील शेतांत पंजाबातून गेलेले हजारो मजूर, बहुतांश शीख, राबतात. एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी मोठा संप केला. त्याच वर्षी इटलीने मुकादमी पद्धतीने मजुरांचे शोषण करणाऱ्यांविरुद्ध कायदा कडक केला आणि मालकालाही गुन्हेगार धरले. तरीसुद्धा जून २०२४ मध्ये तेथे ३१ वर्षांच्या एका भारतीय मजुराचा हात यंत्रात तुटला. त्याच्याकडे करारपत्र नव्हते, परवाना नव्हता. त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी त्याच्या घरासमोर टाकून दिले गेले आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. रुग्णवाहिका बोलावली असती तर नोंद झाली असती. नोंदीची भीती माणसाच्या जिवापेक्षा मोठी ठरली.

तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात मालकाची सेवकाप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत: शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर विश्रांती द्यावी. तिसरे कर्तव्य लातिनात मोडले. आणि ज्या पाच व्यापारांपासून उपासकाने दूर राहावे असे सांगितले, त्यांत प्राणिमात्रांचा व्यापारही आहे. माणसांचा तर आहेच. मजूर पुरवणारा दलाल आपल्या समाजातला असला म्हणून हा नियम सैल होत नाही.

निधीच्या प्रश्नाकडे परमपूज्य बाबासाहेबांनी कसे पाहिले, हेही सांगितले पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः झरियाच्या कोळसाखाणीत उतरले. १९४४ साली वटहुकुमाने कोळसाखाणी कामगारांचा कल्याण निधी निघाला, आणि त्यासाठी खाणीबाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवला गेला. १९४६ साली अभ्रकखाणींसाठी तसाच कायदा झाला. पैसा मालाबरोबरच निघावा, कोणाच्या दयेवर राहू नये, हे त्यातले सूत्र. महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा याच वाटेवरचा. मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने ती हमालाला द्यायची. त्यामुळे नोंद आपोआप होते. युरोपला प्रस्ताव मागवून दोन-दोन वर्षांचे प्रकल्प चालवावे लागतात, त्यापेक्षा आम्हांला हा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो. मात्र माथाडी मंडळाचा हात महाराष्ट्राच्या सीमेपर्यंतच पोहोचतो. बीडचा ऊसतोड कामगार कर्नाटकातील कारखान्यावर गेला की, त्याचीही गत त्या बल्गेरियन गवंड्यासारखीच होते. दोन राज्यांच्या कामगार खात्यांनी एकत्र तपासणी करण्यासाठी पैसा ठेवावा, ही मागणी संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे.

शेवटी ज्यांची मुले परदेशी कामाला जाऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. एजंट १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली नोंदलेला आहे की नाही, हे सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत पाहता येते. ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. करारपत्राची एक प्रत घरी ठेवावी. कामावर गेल्यावर रोज किती तास काम केले, कोणत्या जागी केले, बरोबर कोण होते, हे साध्या वहीत तारीखवार लिहावे, आणि दर महिन्याला त्या पानांचा फोटो घरी पाठवावा. युरोपीय न्यायालयाने १४ मे २०१९ च्या निकालात रोजच्या कामाचे तास मोजण्याची व्यवस्था ठेवणे मालकावर बंधनकारक आहे असे म्हटले आहे. पण मालक ती ठेवीत नसेल, तर मजुराच्या हातची वही हाच तपासणीला आलेल्या निरीक्षकापुढचा पहिला कागद असतो. अशी वही मराठीत लिहिली तरी चालते. भाषांतराचा खर्च त्यांचा.

जयभीम. नमो बुद्धाय.