ओळख नाही, तरी अर्ज करा



प्रत्येक शिबिरात मला हेच विचारलं जातं: "घरात कुणी वकील नाही, आडनाव शेख. मुंबईची लॉ फर्म आम्हाला इंटर्नशिप देईल का?"

जागा थोड्या, अर्ज ढीगभर. भेदभावही होतो, मी नाकारत नाही. पण म्हणून अर्जच न करणं म्हणजे त्यांचं काम आपणच सोपं करणं.

"मला कायद्याची आवड आहे" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. ते खोडा. त्याऐवजी लिहा, "घरच्या जमिनीच्या वादात सातबारा आणि फेरफार वाचायला शिकलो." जमिनीचे कागद मराठीत असतात, तालुका कोर्टाचं कामही. ते समजून इंग्रजीत नीट मांडणारा फर्मला लागतोच. उर्दू वाचता येत असेल तर तेही लिहा.

बार कौन्सिलच्या नियमांनुसार 3 वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12, तर 5 वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप लागते. त्यातले पहिले चार आठवडे तालुक्याच्या वकिलाकडे काढा. मग फर्मच्या अर्जात तिथे केलेलं एक काम नेमकं सांगा.

स्टायपेंड किती, हे रुजू होण्याआधी विचारा. लाजू नका, मुंबईतला महिना घरच्यांच्या खिशातून जातो.

आणि जी किंवा जो आत पोहोचेल, त्यांनी मागच्या दोघांचे अर्ज तपासून द्यावेत. ओळख अशीच तयार होते.