दर किती, हा शेवटचा प्रश्न



परीक्षा संपल्या की मे महिन्यात मुंबईतल्या मालमत्ता सल्लागार कंपन्यांमध्ये नव्या मुलामुलींची एक तुकडी दाखल होते. कुणी एमबीएचं पहिलं वर्ष उरकून आलेलं असतं, कुणी आर्किटेक्चर करून, तर कुणी नुसतंच बीकॉम होऊन, घरच्यांनी ‘काहीतरी कर’ म्हटलं म्हणून. दोन महिने इंटर्न म्हणून काढायचे असतात. पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे एक एक्सेल शीट येते : इमारत, मजला, क्षेत्रफळ, दर. ‘ही जरा अपडेट करून ठेव,’ म्हणून साहेब मीटिंगला निघून जातात. मग ही मुलं दिवसभर फोन लावत बसतात. ‘सर, जागा रिकामी आहे का? दर काय चाललाय?’ पलीकडून आकडा येतो, तो शीटमध्ये भरला जातो, आणि संध्याकाळी घरी जाताना आपल्याला बाजार कळला असं वाटायला लागतं.

आज मला या मुलांशी बोलायचंय. ऑफिसं, दुकानं, गोदामं भाड्यानं देण्याघेण्याच्या धंद्यात माझी बरीच वर्षं गेली. एवढ्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. दर हा या धंद्यातला सगळ्यात कमी बोलणारा आकडा आहे. तो विचारावा, पण सगळ्यात शेवटी.

का, ते हिशेबानंच सांगते. समजा, दोन इमारतींत प्रत्येकी ५,००० चौरस फूट जागा आहे. पहिलीचा दर महिन्याला फुटामागे १०० रुपये, दुसरीचा ९५. फोनवर दुसरी स्वस्त वाटते. आता लोडिंग विचारा. लॉबी, जिने, लिफ्ट, इलेक्ट्रिक रूम यांचा वाटा भाडेकरूच्या क्षेत्रफळात मिळवतात, त्याला आमच्याकडे लोडिंग म्हणतात. पहिल्या इमारतीत पाच हजारांपैकी ३,५०० फूट प्रत्यक्ष वापरायला मिळतात, दुसरीत ३,०००. पहिलीचं भाडं महिना ५ लाख, म्हणजे वापरायच्या दर फुटाला सुमारे १४३ रुपये. दुसरीचं ४ लाख ७५ हजार, म्हणजे दर फुटाला १५८. शिवाय पन्नास माणसं पहिल्या जागेत नीट बसतील, दुसरीत कोपराला कोपर लागेल. विक्रीच्या व्यवहारासाठी २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानं कार्पेट एरियाची, म्हणजे प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रफळाची, व्याख्या घालून दिली आहे, आणि ती दुकानांना, ऑफिसांनाही लागू आहे. भाड्याच्या करारात मात्र आकारणीचं क्षेत्रफळ काय धरायचं, हे मालक आणि भाडेकरू आपसात ठरवतात. म्हणून ‘पाच हजार म्हणजे नेमके कुठले पाच हजार?’ हे विचारायला लाजू नका. मेजरिंग टेप बॅगेत ठेवा. लेझर मीटर आता सगळ्यांकडे असतो, पण त्याची बॅटरी नेमकी साइटवरच संपते.

भाडेवाढीचंही असंच आहे. दर तीन वर्षांनी १५ टक्के आणि दर वर्षी ५ टक्के या दोन्ही पद्धती बाजारात चालतात. घाईत दोन्ही सारख्याच वाटतात, तीन पाचे पंधरा. वर्षाला ६० लाख भाडं धरून पाच वर्षांची बेरीज करा. पहिल्या पद्धतीनं ३ कोटी १८ लाख होतात, दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ३ कोटी साडेएकतीस लाख. साडेतेरा लाखांचा फरक, आणि सुरुवातीचा दर दोन्हीकडे तोच! ही बेरीज तुम्ही साहेबांच्या आधी करून दाखवलीत, तर पुढच्या मीटिंगला तुम्हाला बरोबर नेतील. निदान माझ्या ऑफिसात तरी नेतात.

मग येतात बाकीच्या गोष्टी : कॅम, म्हणजे सामाईक देखभालीचा आकार, किती, एसी किती वाजता बंद होतो आणि त्यानंतर चालू ठेवला तर तासाला किती पडतात, शनिवारचं काय, फिट-आउटसाठी, म्हणजे आतली मांडणी करून घ्यायला, बिनभाड्याचे महिने किती, लॉक-इन किती. लॉक-इन म्हणजे ज्या मुदतीत भाडेकरूला जागा सोडता येत नाही, किंवा सोडली तरी भाडं भरावं लागतं, ती मुदत. करारातल्या या कलमाकडे एरवी फारसं कुणी बघत नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मात्र बड्या बड्या कंपन्यांच्या वकिलांनी जुने करार काढून हेच कलम आणि नैसर्गिक आपत्तीचं कलम शोधलं. दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी मे महिन्यात सांगितलं, की केवळ लॉकडाउन लागला म्हणून भाडं आपोआप थांबत नाही, करारात काय लिहिलंय ते पाहावं लागेल. तेव्हा एक तरी लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा ठरावीक मुदतीसाठी वापरू देण्याचा, करार पहिल्या पानापासून परिशिष्टापर्यंत वाचा. कंटाळवाणा असतो, मान्य. इंटर्नशिप संपली की असा निवांत वेळ पुन्हा मिळत नाही.

आता दर खरा की खोटा, हे कळायचं कसं? मालक सांगतो तो त्याला हवा असलेला दर. खरा दर नोंदणी कार्यालयात सापडतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमानुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर त्या दस्ताचा इंडेक्स टू, म्हणजे गोषवारा, शोधता येतो. त्यात भाडं, डिपॉझिट, क्षेत्रफळ, मुदत असा तपशील सापडतो. ऑफिसांचे इतके करार पाच वर्षांचेच का, असंही तुम्हाला वाटेल. ६० महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का पडतं. त्यापुढे मुदत गेली की लीजसारखी आकारणी होते, ती बरीच जड. इंडेक्स टूमधून मुदत हाती आली की करार कधी संपणार ते कळतं. कुठल्या कंपनीचा करार येत्या दीड वर्षात संपतोय, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला रिकाम्या जागांच्या यादीमागे धावावं लागत नाही. तो त्या कंपनीकडे आधीच जाऊन बसलेला असतो.

दक्षिण मुंबईतल्या फोर्टात हिंडायला लागलात की एक कोडं समोर येतं. एकाच इमारतीत तळमजल्यावरचा जुना दुकानदार महिन्याला काही शे रुपये भाडं देतो, आणि वरच्या मजल्यावरची कंपनी लाखांत. नवा इंटर्न म्हणतो, ‘मॅडम, शीटमध्ये चूक आहे.’ शीट बरोबर आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकलं होतं. शहर वाढलं, भाडी तिथंच राहिली, आणि मालकाची कसर पगडीतून, म्हणजे भाड्याशिवाय वरून घेतलेल्या रकमेतून, निघू लागली. १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात पगडी घेण्यादेण्याला मान्यता मिळाली आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढ करायची मुभाही. पण ऑफिसांच्या बाजाराला हादरा दिला तो दुसऱ्याच तरतुदीनं. बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या, आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्या, यांना या कायद्याचं संरक्षण राहिलं नाही. वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यावर फोर्टात बसलेल्या बँका आणि कंपन्या मालकांच्या बाजारभावाच्या मागणीपुढे उघड्या पडल्या. म्हणून फोर्टात दराआधी एक प्रश्न विचारायचा : भाडेकरू कोण आहे, आणि त्याचं भांडवल किती? हे कोडं ज्याला सुटलं त्याला जुनी मुंबई वाचता येते.

शहराचा नकाशाही डोक्यात ठेवावा लागतो. बॅलार्ड इस्टेट पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पोर्ट ट्रस्टनं उभारली. पुढे भराव घालून नरिमन पॉइंट आलं. वांद्रे-कुर्ला संकुलाची, म्हणजे बीकेसीची, जबाबदारी एमएमआरडीए या महानगर विकास प्राधिकरणाकडे १९७७ मध्ये आली, आणि तेव्हाच्या त्या खारफुटीकडे बघून तिथं कधी काळी बँकांची मुख्यालयं येतील असं फार कुणी म्हणालं नसतं. लोअर परळात १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्याच जमिनींवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ज्यांच्या आईवडिलांनी त्या गिरण्यांत पाळ्या केल्या, त्यांतली काही मुलं आता तिथंच लिफ्टसमोर कार्ड टेकवतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत गेली, तेव्हा बीकेसी आणि नरिमन पॉइंट एकाच मार्गावर आले. याचा परिणाम काय, हे दोन-चार वर्षांत दिसेल. माझा स्वतःचा कौल दक्षिण मुंबईकडे झुकतो, पण आमच्या ऑफिसात यावरून रोज भांडणं होतात.

आता साइट व्हिजिट. मालकाचा माणूस तुम्हाला अकरा वाजता बोलावतो, तेव्हा लॉबी पुसलेली, लिफ्ट रिकामी. तुम्ही सव्वानऊला जा. स्टेशनवरून भाडेकरूचे कर्मचारी जसे येतील तसे या : लोकलनं, मग शेअर रिक्षानं किंवा बेस्टच्या बसनं. गेटवर पासची रांग किती लांब आहे ते बघा. लिफ्टपाशी उभं राहून घड्याळ लावा, बटण दाबल्यापासून दार उघडेपर्यंत किती वेळ लागतो. दहा मिनिटं हे काम केलंत, की ब्रोशरमध्ये ‘हाय स्पीड’ छापलेल्या लिफ्टचा खरा वेग कळतो. वर गेल्यावर फॉल्स सीलिंगची एखादी फरशी सरकवायला सांगा आणि स्लॅब किती उंच आहे ते पाहा. त्या पोकळीतून एसीचे डक्ट, स्प्रिंकलर, केबल ट्रे हे सगळं जायचं असतं. ती अपुरी असली की माणसांच्या डोक्यावरचं छत खाली येतं आणि पुढे सगळे म्हणतात, ‘ऑफिस कोंदट वाटतं.’ खांबांमधलं अंतर पावलांनी मोजा. पश्चिमेची काच असेल तर दुपारी चारला परत या आणि काचेपाशी पाच मिनिटं उभे राहा. टॉयलेटमधले नळ सोडून पाहा. जनरेटर फक्त लिफ्ट आणि दिव्यांपुरता आहे की पूर्ण भार घेतो, हे विचारा. बेसमेंटमध्ये फोनला रेंज आहे का? आणि सगळ्यात आधी, भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते मिळालंय का आणि कुठल्या मजल्यापर्यंत मिळालंय. ‘येईलच पुढच्या महिन्यात’ हे उत्तर मी या धंद्यात आल्यापासून ऐकतेय.

वॉचमन, लिफ्टमन, इमारतीचा मॅनेजर यांना नमस्कार करायला विसरू नका. मागचा भाडेकरू का गेला, हे तुम्हाला मालक सांगणार नाही, ही माणसं सांगतील. चहा त्यांच्याबरोबर प्या, पैसे तुम्ही द्या. मुलींना एक वेगळं सांगते. अर्धवट बांधलेल्या इमारतीत एकटीनं जायचं नाही, मग साहेब कितीही घाई करोत. बरोबर ऑफिसातलं कुणीतरी हवं, पायात बूट हवेत, डोक्यावर हेल्मेट हवं. हे मागायला संकोच वाटता कामा नये. नाही म्हणाले, तर ते ऑफिस तुमच्या कामाचं नाही.

क्लायंटसमोर माहीत नसलेली गोष्ट ‘विचारून सांगते’ म्हणायची सवय लावून घ्या, आणि सांगितल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी खरंच विचारून सांगा. विक्रीचा व्यवहार असेल तर लक्षात ठेवा, रेराखालच्या प्रकल्पात एजंट म्हणून काम करायला नोंदणी लागते, आणि महारेरानं २०२३ पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली आहे. इंटर्ननं स्वतः सौदा ठरवायच्या फंदात पडू नये. कमिशनचा वाटा देतो म्हणून कुणी बाजूला घेऊन कुजबुजू लागलं, तर तिथून सरळ उठा.

दोन महिन्यांनंतर काय, हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. बहुतेकांना लीजिंगमध्ये जायचं असतं, कारण तिथं सौदे होतात आणि बोनस मिळतो. पण बोनस सौदा झाला तरच, आणि बाजार बसला की आधी तिथलीच माणसं घरी जातात. दुसरा रस्ता इमारती चालवण्याचा. २०१४ मध्ये सेबीनं रीटचे, म्हणजे भाड्याच्या इमारतींत अनेकांचा पैसा गुंतवणाऱ्या ट्रस्टचे, नियम आणले, २०१९ मध्ये देशातला पहिला रीट शेअर बाजारात नोंदला गेला. रीटला आपली किमान ८० टक्के मालमत्ता तयार, भाडं देणाऱ्या इमारतींत ठेवावी लागते, आणि वाटपासाठीच्या पैशातला निदान ९० टक्के वाटा गुंतवणूकदारांना द्यावा लागतो. म्हणजे भाडं वेळेवर येणं, भाडेकरू टिकणं, इमारत नीट चालणं, यावर आता गुंतवणूकदारांची नजर असते. त्यामुळे इमारत चालवणाऱ्या माणसांना, ज्यांना फॅसिलिटी मॅनेजमेंटवाले म्हणून आमच्यातलेच काही जण नाक मुरडतात, मागणी वाढली आहे. इंटर्नशिपमध्ये एक आठवडा तरी त्या विभागात मागून घ्या. चिलर प्लांट बघा, डिझेलचं बिल बघा, लिफ्टच्या वार्षिक देखभालीचा करार बघा. तिथं एसीमध्ये बसायला मिळत नाही. एसी जिथून येतो तिथं उभं राहावं लागतं. पण कॅमचा एक रुपया नेमका कुठं खर्च होतो, हे तिथल्याशिवाय कुठेच कळत नाही, आणि वाटाघाटीच्या टेबलावर मालक ‘कॅम कमी होणार नाही’ म्हणाला, की त्याला काय विचारायचं, ते तिथं आठवडा काढलेल्यालाच सुचतं.